लष्कराचा बंद दरवाजा आणि गोपाळबाबा वलंगकर

प्रकृतीच्या कारणावरून लष्करातून घरी पाठविलेल्या शिपायाचे दुःख सातारा-सांगली भागात कोणास समजावून सांगावे लागत नाही. पुन्हा रुजू होण्यासाठी तो जी धडपड करतो, तीही येथे परिचयाची आहे. परंतु अशा शिपायाच्या हाती निदान डॉक्टरांचा लेखी निर्णय असतो आणि त्याविरुद्ध त्याला दाद मागता येते. कोणतीही तपासणी न करता एका संपूर्ण समाजालाच सैनिकी पेशास अपात्र ठरविले, तर दाद कोणत्या आधारावर मागावयाची? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा प्रश्न गोपाळबाबा वलंगकर यांच्यापुढे उभा राहिला.

गोपाळबाबा महाडजवळच्या रावढळचे. इंग्रजांच्या लष्करात नोकरी करून ते 1886 मध्ये निवृत्त झाले आणि दापोलीस स्थायिक झाले. जोतीराव फुले यांच्या विचारांचा त्यांच्यावर खोल प्रभाव होता. 1888 मध्ये त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका लिहून अस्पृश्यतेला आधार कोणता, असे हिंदू धर्मधुरीणांना विचारले. अनार्य दोष परिहारक मंडळीच्या द्वारे त्यांनी आपल्या समाजाला संघटित करण्याचा प्रयत्न आरंभिला. मराठी मुलखातील अस्पृश्यांच्या चळवळीचे ते आद्य प्रवर्तक होत.

महार शिपाई कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत पहिल्यापासून होते. 1 जानेवारी 1818 रोजी कोरेगावच्या लढाईत पडलेल्यांची नावे तेथील जयस्तंभावर कोरलेली असून, ‘नाक’ हा प्रत्यय असलेली अनेक नावे महारांची आहेत. तथापि 1857 नंतर लष्करी धोरण पालटू लागले. 1885 ते 1893 या काळात हिंदुस्थानचे सरसेनापती असलेल्या लॉर्ड रॉबर्ट्स यांनी लढवय्या जातींच्या सिद्धांताला बळ दिले. शौर्य विशिष्ट जातींत जन्मतःच असते, असे हा सिद्धांत सांगे. त्याच्या परिणामी महारांची भरती थांबली. तीन पिढ्यांची नोकरी हिशेबातच धरली गेली नाही.

यात केवळ पगार आणि पेन्शन बुडाले, असे समजणे चुकीचे ठरेल. गावात ज्याची सावलीही वर्ज्य मानली जाई, त्याला छावणीत गणवेश, हुद्दा आणि मुख्य म्हणजे शाळा मिळत असे. सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करी शाळेतच मुख्याध्यापक झाले होते. निवृत्तीनंतर ते साताऱ्यास राहिले आणि 7 नोव्हेंबर 1900 रोजी त्यांचे पुत्र भीमराव तेथील इंग्रजी शाळेत दाखल झाले. भरतीबंदीने जो दरवाजा लावला गेला, तो अशा घरांचा होता.

1894 मध्ये गोपाळबाबांनी सरसेनापतींच्या नावे अर्ज सिद्ध केला. आपल्या लोकांनी केलेल्या चाकरीचे स्मरण देऊन भरती पुन्हा सुरू करावी, अशी त्यात मागणी होती. महार हे मूळचे क्षत्रिय होत, असाही दावा त्यात होता. येथे या अर्जाची मर्यादा दिसते. जन्मावरून लायकी ठरविण्याचे सरकारचे माप त्याने नाकारले नाही. त्याच मापाने आपलीही उंची मोजावी, एवढेच मागितले. परंतु दुसरे माप ऐकून घेण्यास सरकार तयारच नव्हते, हेही विसरता कामा नये. 1895 मध्ये महाडच्या तालुका लोकल बोर्डावर गोपाळबाबांची नेमणूक झाली, तेव्हा उच्चवर्णीय सभासदांनी नापसंती दर्शविली. 1900 मध्ये त्यांचे निधन झाले. लष्कराचा दरवाजा तेव्हाही बंदच होता.

त्यांची मागणी मात्र मागे पडली नाही. शिवराम जानबा कांबळे यांनी 1903 मध्ये सासवडला सभा भरवून तीच मागणी सरकारकडे पाठविली आणि 1910 मध्ये ती थेट भारतमंत्र्यांपर्यंत नेली. पहिल्या महायुद्धात माणसांची निकड भासताच 1917 मध्ये महारांची पलटण उभारली गेली. युद्ध संपल्यावर 1921 मध्ये ती मोडण्यात आली. लायकी ठरत होती ती सरकारच्या गरजेवरून. अखेर दुसऱ्या महायुद्धात, डॉ. आंबेडकरांच्या आग्रहानंतर, 1 ऑक्टोबर 1941 रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंटची पहिली तुकडी उभी राहिली.

त्यानंतर दोनच वर्षांनी, 1943 मध्ये, औंध संस्थानातील कुंडलला प्रतिसरकारची तुफान सेना स्थापन झाली. त्याच वर्षी 7 जूनला तिच्या तरुणांनी शेणोलीजवळ सरकारी पगाराची रक्कम नेणारी गाडी अडविली. हे तरुण खेड्यापाड्यांतील होते आणि त्यांना लढवय्ये म्हणून कोणी प्रमाणपत्र दिलेले नव्हते. सैनिक घडतो तो शिक्षणाने, शिस्तीने आणि कार्यावरील निष्ठेने. हे कुंडलने प्रत्यक्ष दाखविले. गोपाळबाबांना आपल्या अर्जात जे मांडता आले नाही, ते उत्तर हेच होते. भरतीच्या मैदानावर आज उभ्या राहणाऱ्या प्रत्येक तरुणाची छाती, उंची आणि दृष्टी तपासली जावी. त्याचे कूळ विचारले जाऊ नये. गोपाळबाबांचे खरे ऋण फेडावयाचे असेल, तर लायकीची हीच कसोटी लष्कराबाहेरच्या प्रत्येक कचेरीत आणि शाळेतही लागू झाली पाहिजे.