संत गोन्सालो गार्सिया आणि अंतरींची खरी ओढ

परमेश्वर प्रत्येक मनुष्याच्या अंत:करणांत कांहींतरी ओढ पेरून ठेवतो. परंतु ती ओढ कोणती, हें ओळखणें सोपें नसतें. आपली आवड, लोकांची वाहवा आणि देवाचें पाचारण ह्या तिहींची पुष्कळदां गल्लत होते. म्हणून ज्युबिलीच्या ह्या मंगल प्रसंगीं, ज्यांचें नांव वसईकर कॅथोलिक कुटुंबांत मोठ्या आदरानें घेतलें जातें, त्या संत गोन्सालो गार्सिया ह्यांचें चरित्र प्रिय वाचकांपुढें ठेवावें असें आम्हांस वाटतें.

गोन्सालो ह्यांचा जन्म सुमारें १५५७ सालीं वसई येथें झाला. पिता पोर्तुगीज व माता इकडचीच. वसईच्या किल्ल्यांत येशूसंघाचे धर्मगुरू होते. त्यांच्याजवळ त्यांचें शिक्षण झालें. पंधरा-सोळा वर्षांचे असतांनाच ते धर्मगुरूंबरोबर समुद्रमार्गें जपानास गेले. तेथें त्यांनीं सुमारें आठ वर्षें धर्मशिक्षकाचें काम केलें व जपानी भाषा उत्तम आत्मसात केली. येशूसंघांत आपणांस प्रवेश मिळावा, ही त्यांची मनापासूनची इच्छा होती. ती मात्र सफळ झाली नाहीं.

अशा प्रसंगीं मनुष्य खचून जातो. गोन्सालो खचले नाहींत. ते व्यापाराकडे वळले. व्यापारांत त्यांचा चांगला जम बसला व हातीं पैसाही आला. जगाच्या दृष्टीनें पाहतां त्यांचें भाग्य उजळलें होतें. परंतु त्यांच्या जिवाला त्यांत समाधान नव्हतें. यश मिळालें म्हणजे पाचारण सांपडलें असें नव्हे, हें त्यांना उमगलें. पुढें मनिला शहरीं त्यांचा फ्रान्सिस्कन मठवासीयांशीं संबंध आला आणि १५८८ च्या सुमारास त्यांनीं संत फ्रान्सिसचा झगा अंगावर चढविला. धर्मगुरू म्हणून नव्हे, तर साधे बंधु म्हणून! पेढीचा धनी मठाचा सेवक झाला.

१५९३ सालीं फिलिपाईन्सच्या सुभेदारानें जपानचा सत्ताधीश हिदेयोशी ह्याजकडे पेद्रो बाप्तिस्ता ह्या फ्रान्सिस्कन धर्मगुरूंस वकील म्हणून धाडिलें. सोबत दुभाषी कोण असावा? गोन्सालोच. जी भाषा ते तरुणपणीं शिकले होते, तीच आतां देवाच्या कामीं आली. जे दिवस वायां गेले असें कोणासही वाटलें असतें, त्या दिवसांचाच प्रभूनें पाया केला होता. मियाको, म्हणजे हल्लींचें क्योतो, येथें ह्या मठवासीयांनीं देऊळ बांधलें आणि गोरगरीब व महारोगी ह्यांच्यासाठीं रुग्णालय चालविलें.

१५९६ सालीं सान फेलिपे नांवाचें स्पॅनिश गलबत जपानच्या किनाऱ्यास लागून फुटलें. त्यानंतर हिदेयोशीची मर्जी फिरली व धरपकड सुरू झाली. पकडलेल्यांचे डावे कान कापून, भर हिंवाळ्यांत, त्यांना दूरच्या नागासाकीपर्यंत नेण्यांत आलें. ता. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं तेथील टेंकडीवर सव्वीस जणांनीं क्रुसावर प्राण अर्पण केले. त्यांत लहान मुलेंही होतीं. येशूसंघाचे पौल मिकी व त्यांचे दोन सोबती त्याच दिवशीं त्याच टेंकडीवर हुतात्मे झाले. ज्या संघांत गोन्सालोंना प्रवेश मिळाला नाहीं, त्याच्याच बंधूंबरोबर त्यांना स्वर्गाचें दार उघडलें! ता. ८ जून १८६२ रोजीं पोप नववे पायस ह्यांनीं त्यांना संतपद बहाल केलें. हिंदुस्थानांत जन्मलेले ते पहिले संत होत.

प्रिय बंधुभगिनींनो, आपल्या मुलांनीं कोणता मार्ग धरावा ह्याची चिंता आपणां सर्वांस असते. एक दार बंद झालें म्हणजे देवानें नाकारलें, असें आपण समजूं नये. ज्या कामांत पैसा आहे पण शांति नाहीं, त्याविषयीं देवापुढें बसून विचार करावा. जें जें शिकावयास मिळेल तें मन लावून शिकावें. त्याचा उपयोग कोठें करावयाचा हें प्रभु जाणतो. संत गोन्सालो आम्हांसाठीं विनंती करोत, आणि आमच्या ह्या धर्मग्रामांतील प्रत्येक तरुणास आपली खरी ओढ ओळखण्याची कृपा लाभो, हीच आमची प्रार्थना.