माडाच्या शत्रूला नाव देणारा डॉक्टर: सर एडविन बटलर यांची गोष्ट

आज ना नवीन फोन, ना ॲप. आज एका डिबगिंगची गोष्ट सांगतो. बग शंभराहून जास्त वर्षं जुना आहे आणि तो आमच्या परड्यापर्यंत पोचला.

मी संगमेश्वरचा. आमच्या घरामागे आजोबांनी लावलेला माड होता. एका पावसाळ्यात त्याचा मधला कोंब पिवळा पडला. ओढला तर सहज हातात आला, आणि असा घाण वास की विचारू नका. बाबांनी दुकानातून बुरशीनाशक आणून दोनदा फवारलं. माड गेलाच. पुढे मी रिकाम्या बाटलीवरचं नाव सर्च केलं. औषध ट्रायझोल गटातलं होतं. ते चालण्यासारखं नव्हतंच! का, हे शोधता शोधता मी एडविन जॉन बटलर यांच्यापर्यंत पोचलो.

बटलर यांचा जन्म १८७४ साली आयर्लंडमधल्या किल्की गावी झाला. लहानपणी तब्येत नाजूक, त्यामुळे शाळा मध्येच सुटली. पुढे कॉर्कच्या क्वीन्स कॉलेजातून १८९८ मध्ये ते डॉक्टर झाले. पण तिथल्या मार्कस हार्टोग या प्राध्यापकांनी त्यांना पाण्यात वाढणाऱ्या बुरशीसारख्या जीवांची गोडी लावली. माणसांचा डॉक्टर झाडांचा डॉक्टर झाला, तो असा.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच ते सरकारी नोकरीवर भारतात आले. आधी कलकत्ता, मग डेहराडून आणि नंतर बिहारमधलं पुसा. पुसाची कृषी संशोधन संस्था १९०५ मध्ये सुरू झाली. तिथे ते इम्पीरियल मायकॉलॉजिस्ट, म्हणजे बुरशींचे सरकारी तज्ज्ञ झाले.

तेव्हा आंध्रातल्या गोदावरीच्या खोऱ्यात ताडाची झाडं शेंड्यातून कुजून मरत होती. ताड-माडाला वाढीचा कोंब एकच असतो. तो गेला की झाड संपलं, बॅकअप नाही. बटलर यांनी कुजलेल्या भागातून एक सूक्ष्म जीव शोधला आणि १९०७ मध्ये त्याला पिथियम पाल्मिव्होरम हे नाव दिलं. पाल्मिव्होरम म्हणजे ताड-माड खाणारा. उपाय म्हणून रोगी शेंडे तोडून जाळायचे, म्हणजे शेजारचं झाड वाचतं.

तुरीच्या मर रोगातही त्यांनी असंच मूळ कारण शोधलं. मेलेल्या झाडांवर एक बुरशी नेहमी दिसायची, म्हणून तीच गुन्हेगार मानली जात होती. बटलर यांनी ती निरोगी तुरीवर सोडून पाहिली, झाडं मरेनात. खरा गुन्हेगार मातीत राहणारी दुसरीच बुरशी होती. १९१० मध्ये त्यांनी तिला फ्युझेरियम उडम हे नाव दिलं. एररच्या वेळी लॉगमध्ये दिसलेली प्रत्येक ओळ एररचं कारण नसते, हे आम्हा इंजिनिअर लोकांना रोज शिकावं लागतं.

आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ही, की ते स्वतःची चूकही दुरुस्त करायचे. ताडाच्या शत्रूला त्यांनी पिथियम कुळात टाकलं होतं. पिथियमचे पोहणारे बीजाणू पिशवीच्या बाहेर आलेल्या फुग्यात तयार होतात, फायटोफ्थोराचे पिशवीच्या आतच. १९१९ मध्ये त्यांनी नाव बदलून फायटोफ्थोरा पाल्मिव्होरा केलं. आज जगभर हेच नाव चालतं.

१९१८ मध्ये भारतातल्या पीकरोगांवरचं त्यांचं मोठं पुस्तक आलं. १९२० मध्ये ते इंग्लंडमधल्या क्यू इथल्या बुरशी संशोधन ब्युरोचे पहिले संचालक झाले. १९३९ मध्ये सर हा किताब मिळाला आणि १९४३ मध्ये त्यांचं निधन झालं. डीएनएची रचना कळायला तेव्हा अजून दहा वर्षं होती.

आता वळूया जीनोमकडे. २०१७ मध्ये या जीवाचा जीनोम प्रसिद्ध झाला. सुमारे १५ कोटी १० लाख अक्षरं. एका अक्षराला दोन बिट धरले तर फाईल होते साधारण ३८ एमबी, एखाद्या छोट्या व्हिडिओएवढी! पण जनुकं ४४ हजारांहून जास्त. माणसात प्रथिनं बनवणारी जनुकं सुमारे २० हजार आहेत. संशोधकांच्या मते कधीतरी याच्या अख्ख्या जीनोमची डबल कॉपी झाली असावी.

यातली शेकडो जनुकं झाडाची सुरक्षा यंत्रणा बंद पाडणारी प्रथिनं बनवतात. ती शोधायची पद्धत बघून मी हसलोच. प्रथिनाच्या अक्षरांत आर, मग कुठलंही एक अक्षर, मग एल आणि पुन्हा आर, असा नमुना शोधायचा. म्हणजे चक्क रेगेक्स!

आणि आमच्या माडाचं उत्तरही इथेच आहे. डीएनएवरून पक्कं झालं की फायटोफ्थोरा ही खरी बुरशीच नाही. तिचं नातं समुद्रातल्या तपकिरी शेवाळाशी जवळचं आहे. ट्रायझोल औषधं बुरशीच्या शरीरात एर्गोस्टेरॉल बनणं थांबवतात. फायटोफ्थोरा ते बनवतच नाही! जो फंक्शन कोडमध्येच नाही, तो ब्लॉक करून काय होणार? याउलट बोर्डो मिश्रणातलं तांबं तिच्यावर चालतं, पण रोग लागण्याआधी किंवा अगदी सुरुवातीला.

त्यामुळे मित्रांनो, पावसाआधी घरी फोन करा. मधला कोंब पिवळा किंवा मलूल दिसतोय का, एवढं बघायला सांगा. शंका आली तर फोटो काढून भाट्ये इथल्या नारळ संशोधन केंद्राला किंवा दापोलीच्या कृषी विद्यापीठाला विचारा, आणि मगच औषध घ्या. आम्ही आधी फवारलं आणि नंतर विचारलं. आजोबांच्या माडाच्या जागी आता नवीन रोप आहे, आणि या वर्षी बोर्डो वेळेवर मारलंय.