एमलन टनेल : गुणवत्ता होती, दार बंद होते

अमेरिकेतील वर्णभेदाविरुद्धच्या लढ्याचा विषय निघाला की मार्टिन ल्यूथर किंग, रोझा पार्क्स, मुहम्मद अली ही नावे आपल्यासमोर लगेच येतात. एमलन टनेल हे नाव मात्र आपल्याकडे फारसे परिचित नाही. अमेरिकन फुटबॉलमध्ये बचाव फळीत 14 हंगाम खेळलेले टनेल 1967 मध्ये तिथल्या व्यावसायिक फुटबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये निवडले गेले. हा मान मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय खेळाडू. केवळ बचावाच्या खेळावर निवडले गेलेलेही तेच पहिले. गुणवत्ता असेल तर माणूस पुढे जातोच, असे आपल्या समाजातील मुलांना सतत ऐकवले जाते. टनेल यांच्याकडे गुणवत्ता भरपूर होती. ती मैदानापर्यंत पोहोचायला काय काय लागले, हे त्यांच्या आयुष्यातून समजून घ्यावे असे आम्हाला वाटते.

टनेल यांचे बालपण पेनसिल्व्हेनिया राज्यात, फिलाडेल्फियाजवळच्या रॅडनर भागात गेले. आईने लोकांच्या घरी कामे करून मुलांना वाढवले. खेळाच्या जोरावर टनेल ओहायोतील टोलेडो विद्यापीठात पोहोचले, पण 1942 मध्ये फुटबॉल खेळताना त्यांची मान मोडली. दुसरे महायुद्ध सुरू होते. त्या दुखापतीमुळे भूदलाने आणि नौदलाने त्यांना नाकारले. अखेर 1943 मध्ये तटरक्षक दलाने भरती करून घेतले, तेही ‘स्टुअर्ड्स मेट’ म्हणून, म्हणजे अधिकाऱ्यांच्या जेवणाखाण्याची आणि खोल्यांची व्यवस्था पाहणारा सेवक म्हणून. बहुतेक कृष्णवर्णीय भरतीदारांच्या वाट्याला तेव्हा हेच काम येत असे.

एप्रिल 1944 मध्ये न्यू गिनीच्या किनाऱ्यावर त्यांच्या ‘एटामिन’ जहाजावर जपानी विमानाने पाणतीर सोडला. आगीत एक सहकारी पेटला. टनेल यांनी स्वतःच्या हातांनी त्याच्या अंगावरची आग विझवली आणि त्याला बाहेर काढले. यात ते स्वतःही भाजले. पुढे 1946 मध्ये न्यूफाउंडलंडजवळ एक सहकारी समुद्रात पडला, तेव्हा त्या गोठवणाऱ्या पाण्यात उडी घेऊन त्यांनी त्यालाही वाचवले. ज्याला दलाने ताटे उचलायला ठेवले होते, त्याने दोन जीव वाचवले होते.

दलातून बाहेर पडल्यावर ते आयोवा विद्यापीठाकडून खेळले. 1948 मध्ये व्यावसायिक संघांनी नव्या खेळाडूंची निवड केली, त्यात त्यांचे नाव नव्हते. मग ते स्वतःच निघाले. केळी वाहून नेणाऱ्या एका ट्रकमध्ये जागा मिळाली आणि ते न्यूयॉर्क जायंट्स संघाच्या कार्यालयात जाऊन उभे राहिले. मालक टिम मारा यांनी त्यांना संघात घेतले. जायंट्सचे ते पहिले कृष्णवर्णीय खेळाडू ठरले.

ही गोष्ट सहसा इथेच थांबवली जाते : हिंमत केली, दार ठोठावले, दार उघडले. पण ते दार उघडण्याजोगे कसे झाले, हे सांगितल्याशिवाय गोष्ट पूर्ण होत नाही. 1934 पासून 1945 पर्यंत ‘नॅशनल फुटबॉल लीग’मध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. तसा लेखी नियम कुठेही नव्हता. तरी सगळे मालक तो पाळत होते. 1946 मध्ये रॅम्स हा संघ क्लीव्हलंडहून लॉस एंजेलिसला आला आणि त्याला तिथले कोलिझियम स्टेडियम हवे होते. कृष्णवर्णीय पत्रकारांनी स्टेडियमच्या व्यवस्थापन मंडळापुढे मुद्दा मांडला : हे स्टेडियम सार्वजनिक पैशाचे आहे, मग कृष्णवर्णीयांना वगळणाऱ्या संघाला ते का द्यायचे? रॅम्सने केनी वॉशिंग्टन आणि वुडी स्ट्रोड यांना घेतले, आणि बारा वर्षांची अलिखित बंदी मोडली.

आपल्या वाचकांना हा युक्तिवाद ओळखीचा वाटेल. सरकारी पैशाने बांधलेली तळी, विहिरी, शाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, हा सी. के. बोले यांचा ठराव 1923 मध्ये मुंबई कायदे मंडळात संमत झाला होता. त्याच हक्कासाठी बाबासाहेबांनी 1927 मध्ये महाडला चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. जे सर्वांच्या पैशाचे ते सर्वांचे, ही मागणी दोन्हीकडे संघटितपणे करावी लागली.

आता टनेल यांचा खेळ पाहू. अमेरिकन फुटबॉलमध्ये लंबगोल चेंडू हातात धरून पळतात किंवा फेकतात. चढाई करणारे खेळाडू वेगळे आणि बचाव करणारे वेगळे असतात. टाळ्या बहुधा चढाई करणाऱ्यांना मिळतात. टनेल बचावाच्या अगदी मागच्या फळीत, ‘सेफ्टी’ या जागी खेळत. प्रतिस्पर्ध्याने आपल्या साथीदाराकडे फेकलेला चेंडू मध्येच झेलणे, याला ‘इंटरसेप्शन’ म्हणतात. टनेल यांनी असे 79 झेल घेतले. ते निवृत्त झाले तेव्हा हा विक्रम होता आणि तो 1979 पर्यंत टिकला.

प्रशिक्षक स्टीव्ह ओवेन यांनी उघड्या छत्रीसारखी बचावाची रचना आखली. तिच्यात टनेल महत्त्वाचे होते. 1950 मध्ये या रचनेपुढे बलाढ्य क्लीव्हलंड ब्राउन्स संघाला एकही गुण मिळवता आला नाही. जायंट्सने तो सामना 6-0 असा जिंकला. 1952 मध्ये तर टनेल यांनी झेललेले आणि प्रतिस्पर्ध्याने पायाने मारलेले चेंडू परत नेताना 924 यार्ड अंतर कापले. त्या वर्षी चढाईत धावण्यात पहिला आलेल्या खेळाडूचे अंतर 894 यार्ड होते. म्हणजे बचावपटूने चढाईच्या अव्वल धावपटूला मागे टाकले होते. योगायोग असा की त्याच 1952 च्या जूनमध्ये बाबासाहेब मानद पदवी स्वीकारण्यासाठी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आले होते. जायंट्सचे तेव्हाचे मैदान, पोलो ग्राउंड्स, त्याच मॅनहॅटनच्या उत्तर भागात होते.

टनेल 1956 मध्ये जायंट्सकडून विजेते ठरले. 1959 मध्ये ते विन्स लोम्बार्डी यांच्या ग्रीन बे पॅकर्स संघात गेले आणि 1961 मध्ये पुन्हा विजेते ठरले. अंतिम सामना त्यांच्या जुन्या जायंट्सविरुद्धच होता. त्यानंतर ते निवृत्त झाले. त्यांची कारकीर्द संपेपर्यंत वॉशिंग्टनच्या संघाकडून एकही कृष्णवर्णीय खेळाडू लीगच्या सामन्यात उतरला नव्हता. 1962 मध्ये तो उतरला, कारण केनेडी सरकारने बजावले होते की केंद्र सरकारच्या जमिनीवरचे स्टेडियम भेदभाव करणाऱ्या संघाला मिळणार नाही. इतर संघांत 14 वर्षे सिद्ध झालेली गुणवत्ता दुसऱ्या मालकाचे मन बदलू शकली नव्हती.

निवृत्तीनंतर टनेल यांनी होतकरू खेळाडू शोधण्याचे काम केले. 1965 मध्ये ते जायंट्सचे सहायक प्रशिक्षक झाले. लीगमध्ये या पदावर पोहोचलेल्या सुरुवातीच्या कृष्णवर्णीयांपैकी ते एक. मुख्य प्रशिक्षकपद मात्र त्यांना कधीच मिळाले नाही. 1975 मध्ये जायंट्सच्या सराव शिबिरात हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. 1920 च्या दशकातील फ्रिट्झ पोलार्ड यांच्यानंतरचे पहिले कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक, आर्ट शेल, नेमले गेले ते 1989 मध्ये. मैदानात धावायला परवानगी मिळाली तरी निर्णयाच्या खुर्चीपर्यंत जायला आणखी चार दशके लागली.

समुद्रातल्या शौर्याची दखलही अशीच उशिरा घेतली गेली. जीव वाचवल्याबद्दलचे रौप्यपदक तटरक्षक दलाने त्यांना 2011 मध्ये मरणोत्तर दिले. 2021 मध्ये दलाच्या एका गस्ती जहाजाला त्यांचे नाव मिळाले.

वस्त्यांमध्ये काम करताना आम्हाला धावणारी, झेपावणारी, कबड्डीत पकड न सोडणारी मुले रोज दिसतात. त्यांना मेहनत करा हे सांगायलाच हवे. पण निवड समितीत कोण बसते, मैदान कोणाच्या पैशाचे आहे आणि तिथे कोणाला प्रवेश मिळतो, हे प्रश्न विचारण्याची जबाबदारी आपल्या मोठ्यांची आहे. लॉस एंजेलिसच्या पत्रकारांनी ती पार पाडली, म्हणून दोन वर्षांनी टनेल यांनी ठोठावलेले दार उघडू शकले.

या लढवय्या बचावपटूच्या स्मृतीस विनम्र अभिवादन. जय भीम!