अरुण कोलटकर : कवी आणि चित्रकार



आपल्या पोहरादेवीला रामनवमीची यात्रा भरते. संत सेवालाल महाराजांच्या समाधीला कुठून कुठून बंजारा बांधव येतात. अशाच एका यात्रेच्या गावावर, जेजुरीवर, एका माणसाने कवितांचं अख्खं पुस्तक लिहिलं. त्यांचं नाव अरुण कोलटकर. पाठ्यपुस्तकातल्या कवींइतके ते आपल्या ओळखीचे नाहीत, म्हणून आज त्यांच्याबद्दल.

जन्म कोल्हापूरचा. वडील शिक्षण खात्यात अधिकारी. शिक्षण राजाराम हायस्कूलमध्ये, मराठी माध्यमातून. पुढे १९४९ साली वडिलांच्या मनाविरुद्ध ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. चित्रं काढून पोट भरेल का, ही काळजी तेव्हाच्या बापालाही होतीच! मधली वर्षं ओढाताणीची गेली, पदविका हातात पडायला १९५७ उजाडलं. पण पुढे जाहिरातीच्या धंद्यात रेखाटन आणि मांडणीचं काम करून त्यांनी मोठं नाव कमावलं. म्हणजे पोट भरलं ते चित्रकलेनेच, कवितेने नाही. चित्रकलेचा तास गणिताला देऊन टाकण्याआधी हे जरा आठवून बघा.

कवितेचं मात्र वेगळं होतं. १९५४ च्या सुमारास दिलीप चित्रे, कोलटकर आणि मित्रांनी ‘शब्द’ नावाचं छोटंसं नियतकालिक काढलं. सायक्लोस्टाईल केलेलं. आपण पूर्वी घटक चाचणीचे पेपर काढायचो ना, तसंच. मोठ्या मासिकांच्या दारात न जाता आपलं आपण छापायचं, ही लघुनियतकालिकांची चळवळ तिथून वाढत गेली. कोलटकर शेवटपर्यंत त्याच वाटेचे राहिले. घरात फोन ठेवला नाही, मुलाखती टाळल्या. भेटायचं असेल तर गुरुवारी दुपारी काळा घोडा भागातल्या ‘वेसाइड इन’ हॉटेलात जायचं. पुस्तकंही मित्रांच्याच प्रकाशनाकडून काढली.

‘जेजुरी’ पुस्तकरूपात आलं १९७६ ला, इंग्रजीत. १९७७ साली त्याला राष्ट्रकुल काव्य पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी अशोक शहाणे यांच्या ‘प्रास प्रकाशन’ने त्यांचा पहिला मराठी संग्रह काढला. एकच माणूस दोन्ही भाषांत इतकं पक्कं लिहितो, असं फार कमी दिसतं.

आता जरा अडचणीचं बोलतो. ‘जेजुरी’त भक्ती शोधायला गेलात तर हाती फारसं लागणार नाही. पडक्या देवळात पिल्लं घेऊन बसलेली कुत्री आहे. देऊळ समजून उघड्या दारातून डोकवावं तर आत वासरू निघतं. पैशासाठी मागे लागलेली म्हातारी आहे. हा माणूस देवाच्या दारी पर्यटकासारखा फिरला, अशी टीका मराठीत झाली. यात्रेच्या गावात राहणाऱ्या आपल्याला ती टीका पटूही शकते. मला स्वतःला तसं वाटत नाही. ज्या म्हातारीला सगळे चुकवून पुढे जातात, तिच्यापाशी हा कवी थांबतो, आणि तिच्यासमोर स्वतःच लहान होऊन जातो. दार, दगड, पायरी तो चित्रकाराच्या डोळ्याने बघतो. थट्टा करणारा माणूस इतकं निरखून बघत नाही. मोठ्या वर्गातल्या मुलांना यात्रेत दिसलेली एकच वस्तू अशी निरखून लिहायला सांगा. दहा ओळींचा ठरलेला ‘यात्रा’ निबंध येणार नाही.

यानंतर बरीच वर्षं त्यांचं नवं पुस्तक आलं नाही. लिहिणं चालूच होतं, छापायची घाई नव्हती. कर्करोगाने गाठलं तेव्हा मित्रांनी धावपळ केली आणि २००३-०४ मध्ये पुस्तकं एकामागून एक बाहेर पडली. त्यातली ‘भिजकी वही’ म्हणजे जगभरातल्या रडलेल्या बायकांच्या कविता. व्हिएतनामच्या बॉम्बहल्ल्यात भाजलेली किम त्यात आहे. नवऱ्याच्या बंदी आलेल्या कविता पाठ करून जपणारी रशियाची नादेझ्दा पण आहे.

२५ सप्टेंबर २००४ ला पुण्यात कोलटकर गेले. ‘भिजकी वही’ला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तो २००५ साली, ते नसताना.