पक्ष्यांचे मित्र डॉ. सलीम अली

सलीम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. आईवडील लवकर वारले. मामांनी त्यांना वाढवले. माझ्याएवढे, दहाएक वर्षांचे असताना त्यांच्याकडे छर्‍याची बंदूक होती. तबेल्याच्या भिंतीतल्या भोकात चिमणी अंडी उबवत होती. चिमणा खिळ्यावर राखण करायचा. सलीमने तो मारला. लगेच दुसरा आला. सात दिवसांत आठ चिमणे मारले! ते त्यांनी लिहून ठेवले. पुढे ते जन्मभर पक्षी बघत रानोमाळ हिंडले. १९४१ साली त्यांचे भारतीय पक्ष्यांचे पुस्तक निघाले. १९७६ साली पद्मविभूषण मिळाले. २० जून १९८७ रोजी ते वारले.

आमच्या झरोक्यात चिमणीचे घरटे आहे. चुलीपाशी काड्या पडतात म्हणून मी ते पाडणार होतो. आता पिल्ले उडाली की मगच जाळी लावू. पडवीत खोकेपण टांगू.