धुराशी झुंजणारा अभियंता

जुन्या, दिमाखदार मोटारींच्या पोटाखाली धुराची वाट अगदी साधी असते. इंजिनापासून निघालेली लोखंडी नळी, मध्ये सायलेन्सर आणि शेवटी मागे उघडणारे तोंड. ही नळी गंजून फुटली की मोटार गुरगुरू लागते आणि कार्बन मोनॉक्साइडसारखा प्राणघातक वायू आत बसलेल्यांपर्यंत पोहोचण्याचा धोका निर्माण होतो. म्हणूनच अशा मोटारींचे शौकीन फुटका एक्झॉस्ट तातडीने बदलून घेतात. मात्र नवी नळी बसवली तरी धूर विषारीच राहतो. तो केवळ मागच्या रस्त्यावर सोडला जातो. सायलेन्सर आवाज शमवतो, विष नव्हे. हे विष नळीतच नष्ट करण्याचा ध्यास घेणारे अभियंते म्हणजे यूजीन हूड्री.

पॅरिसजवळील दोमाँ येथे १८ एप्रिल १८९२ रोजी त्यांचा जन्म झाला. वडिलांचा पोलादाचा भरभराटीचा व्यवसाय होता. पॅरिसमध्ये यंत्र अभियांत्रिकीचे शिक्षण घेताना १९११ मध्ये त्यांनी सुवर्णपदक पटकावले. पहिल्या महायुद्धात ते रणगाडा दलात होते. १९१७ मध्ये जुव्हँकूरच्या लढाईत ते गंभीर जखमी झाले आणि शौर्याबद्दल त्यांचा गौरव झाला.

युद्धानंतर त्यांना मोटार शर्यतींचे वेड लागले. त्यांच्याकडे शर्यतीची बुगाटी होती. १९२२ मध्ये इंडियानापोलिसची शर्यत पाहण्यासाठी ते अमेरिकेलाही जाऊन आले. वेगवान इंजिनाला उत्तम पेट्रोल हवे, हे त्यांनी जाणले होते. फ्रान्समध्ये खनिज तेलाची वानवा असल्याने लिग्नाइट कोळशापासून पेट्रोल मिळवण्याचा खटाटोप त्यांनी आरंभला. १९२९ मध्ये दररोज ६० टन लिग्नाइटवर प्रक्रिया करणारा कारखानाही उभा राहिला. पण आर्थिक गणित न जमल्याने तो बंद करावा लागला.

अपयशाने खचून न जाता १९३० मध्ये त्यांनी अमेरिका गाठली. जड तेलाचे रेणू उत्प्रेरकाच्या साहाय्याने तोडून त्यापासून उच्च प्रतीचे पेट्रोल मिळवण्याची त्यांची पद्धत तेथे नावारूपाला आली. १९३७ मध्ये पेनसिल्व्हेनियातील मार्कस हुक येथे दररोज १२ हजार बॅरल तेलावर प्रक्रिया करणारा प्रकल्प सुरू झाला. दुसऱ्या महायुद्धात मित्रराष्ट्रांच्या लढाऊ विमानांना लागणाऱ्या १०० ऑक्टेन इंधनाच्या निर्मितीत या पद्धतीचा मोठा वाटा होता. त्याच काळात हूड्री यांनी नाझींपुढे नमलेल्या व्हिशी सरकारला जाहीर विरोध केला. त्याची किंमत म्हणून १९४१ मध्ये त्यांचे फ्रेंच नागरिकत्व काढून घेण्यात आले. जानेवारी १९४२ मध्ये ते अमेरिकेचे नागरिक झाले.

मोटारींना पेट्रोल पुरवणारा हा संशोधक उतारवयात त्याच मोटारींच्या धुराकडे वळला. फुफ्फुसाच्या कर्करोगाचे वाढते प्रमाण आणि शहरांतील दूषित हवा यांचा संबंध असावा, ही शंका त्यांना अस्वस्थ करीत होती. लॉस एंजेलिसवर दाटणाऱ्या धुरक्याला मोटारी कारणीभूत असल्याचे तेव्हा नुकतेच उजेडात येत होते. १९५० मध्ये त्यांनी ‘ऑक्सी-कॅटॅलिस्ट’ ही कंपनी स्थापन केली. धुराच्या वाटेत प्लॅटिनमयुक्त उत्प्रेरक ठेवायचा आणि त्यावरून जाताना कार्बन मोनॉक्साइड व अर्धवट जळलेल्या इंधनाचे कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याच्या वाफेत रूपांतर घडवायचे, अशी ही कल्पना होती. १९५६ मध्ये अशा ‘कॅटॅलिटिक कन्व्हर्टर’चे पेटंट त्यांना मिळाले.

परंतु घोडे पेंड खाल्ले ते शिशापाशी. इंजिनाची खडखड थांबवण्यासाठी पेट्रोलमध्ये १९२०च्या दशकापासून शिशाचे संयुग मिसळले जात होते. हे शिसे प्लॅटिनमवर साचे आणि उत्प्रेरक निकामी करी. त्यामुळे रस्त्यावरच्या मोटारींना हे उपकरण बसवणे अशक्य ठरले. दोष उपकरणात नव्हता, इंधनात होता. आणि इंधन बदलण्यास तेल उद्योग तेव्हा राजी नव्हता. ही कोंडी फुटण्यापूर्वीच, १८ जुलै १९६२ रोजी, वयाच्या ७०व्या वर्षी हूड्री यांचे निधन झाले.

पुढे कायद्याचा बडगा आला आणि अमेरिकेत १९७५च्या मॉडेलांपासून बहुतांश मोटारींना कन्व्हर्टर व त्यासोबत शिसेविरहित पेट्रोल आले. भारतात १९९५ मध्ये मुंबईसह चार महानगरांतील नव्या मोटारींना ते सक्तीचे झाले, तर २००० मध्ये शिसेयुक्त पेट्रोल देशभरातून हद्दपार झाले. आधुनिक कन्व्हर्टर हूड्री यांच्या रचनेहून बरेच पुढे गेले आहेत. तत्त्व मात्र तेच आहे. आपले यश त्यांना पाहता आले नाही. महानगरांतील लक्षावधी श्वासांवर त्यांचे ऋण आहे, ते मात्र कायमचे.