वंगणाचे मर्म उलगडणारा प्राध्यापक : ऑस्बोर्न रेनॉल्ड्स

जुन्या हुबळीच्या रस्त्यांवरून शाळेला जाता-येता मोटार दुरुस्त करणाऱ्या मिस्त्र्यांची दुकाने आम्हांला रोज दिसतात. दारात एखादी वापरलेली मोटार किंवा टेम्पो उभा असतो, खाली ठेवलेल्या घमेल्यात काळेभोर तेल ठिबकत असते, आणि भोवती वाद रंगलेला असतो. एकाच्या मते जुन्या इंजिनाला दाट तेलच हवे. दुसऱ्याच्या मते पातळ तेलाने गाडी हलकी धावते. तिसऱ्याची तर ठाम समजूत, की एका कंपनीचे तेल एकदा घातले म्हणजे जन्मभर तेच घालावे. कंपनी बदलली की इंजिन बिघडलेच म्हणून समजावे.

या वादाची झळ आमच्या घरालाही लागली. वडिलांनी कर्ज काढून एक जुना टेम्पो घेतला होता. घरखर्च आणि आमचे शिक्षण, दोन्ही त्याच्यावर अवलंबून होते. काही दिवसांनी इंजिन खडखडू लागले. कोणी तरी सुचवले म्हणून त्यात नेहमीपेक्षा बरेच दाट तेल ओतले गेले. आश्चर्य म्हणजे आवाज थांबला, आणि आम्हां सर्वांना हायसे वाटले. परंतु आवाज थांबला होता, झीज थांबली नव्हती. चार महिन्यांनी ऐन हंगामात बेअरिंग झिजून इंजिन बंद पडले आणि टेम्पो तीन आठवडे दारात उभा राहिला. त्या दिवसांत घरात जी काळजी दाटून राहिली होती ती आम्ही विसरणार नाही. तेल नेमके करते तरी काय, हा प्रश्न तेव्हा आमच्या मनात प्रथम उभा राहिला. त्याचे उत्तर शोधता शोधता ज्या थोर पुरुषाची ओळख झाली, त्याचे चरित्र वाचकांपुढे ठेवण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांचा जन्म २३ ऑगस्ट १८४२ रोजी आयर्लंडमधील बेलफास्ट येथे झाला. घराणे धर्मोपदेशकांचे. वडील केंब्रिजचे पदवीधर, गणितात निष्णात, आणि इंग्लंडमधील डेडहम या गावच्या शाळेचे मुख्याध्यापक होते. शेतीच्या यंत्रांत सुधारणा करण्याचाही त्यांना नाद होता. लहानग्या ऑस्बोर्नने पहिले धडे त्यांच्याच हाताखाली गिरवले, आणि गणिताची व यंत्रांची दुहेरी गोडी त्याला घरातच लागली.

शाळा संपल्यावर हा बुद्धिमान मुलगा थेट विद्यापीठात गेला नाही. १८६१ साली तो एडवर्ड हेज नावाच्या यंत्रकाराच्या कारखान्यात उमेदवारी करू लागला. तेथे हात काळे करीत असताना त्याच्या ध्यानात आले, की यंत्रांच्या वागणुकीतील कित्येक कोडी गणितावाचून सुटणार नाहीत. तेव्हा तो केंब्रिजला गेला, आणि १८६७ साली तेथील गणिताच्या अवघड परीक्षेत सातवा आला. आधी कारखाना आणि मग विद्यापीठ, हा क्रम आम्हांला मोठा बोधप्रद वाटतो. प्रश्न आधी हाताला लागला होता. विद्या त्याच्या शोधात पुढे आली.

१८६८ मध्ये, वयाच्या अवघ्या पंचविसाव्या वर्षी, मँचेस्टरच्या ओवेन्स कॉलेजात त्यांची अभियांत्रिकीचे प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. त्याच वर्षी त्यांचा विवाह झाला. परंतु दैव क्रूर होते. जेमतेम वर्षभरात पत्नी निवर्तली, आणि मागे राहिलेला मुलगाही १८७९ साली वारला. पुढे १८८१ मध्ये त्यांनी पुन्हा संसार मांडला. दुःखाच्या या काळातही त्यांचे अध्यापन आणि संशोधन अखंड चालू होते. त्यांची व्याख्याने समजावयास कठीण, अशी त्यांची ख्याती होती; पण त्यांच्याच वर्गातून पुढे इलेक्ट्रॉनचा शोध लावणारे जे. जे. थॉमसन बाहेर पडले.

१८८३ साली रेनॉल्ड्स यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. काचेच्या लांब नळीतून पाणी वाहू देऊन त्यात त्यांनी रंगाची बारीक धार सोडली. पाणी संथ असताना ती धार दोऱ्यासारखी सरळ गेली. वेग वाढताच ती थरथरली, विस्कटली आणि सर्व पाण्यात मिसळून गेली. प्रवाह केव्हा शांत राहील व केव्हा खवळेल हे ठरवणारी संख्या त्यांनी दाखवून दिली. ती आज जगभर रेनॉल्ड्स संख्या म्हणून ओळखली जाते, आणि अभियांत्रिकीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकावीच लागते.

परंतु आमच्या टेम्पोच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट यापुढेच घडली. त्याच सुमारास बोशँ टॉवर नावाचे अभियंते रेल्वेच्या आसासारख्या फिरत्या दांड्यावर वंगणाचे प्रयोग करीत होते. तेल घालण्यासाठी त्यांनी बेअरिंगला वरून एक भोक पाडले. पण तेल आत जाण्याऐवजी त्या भोकातून वर उसळू लागले! त्यांनी बुचाने ते बंद केले, तर बूच बाहेर फेकले गेले. लाकडी खुंटी ठोकली, तर तीही टिकली नाही. शेवटी तेथे दाबमापक बसवला, तेव्हा त्याचा काटा दर चौरस इंचास २०० पौंडांच्याही पुढे गेला. बेअरिंगवरचा सरासरी भार मात्र याच्या निम्माच होता.

हा दाब आला कोठून? १८८६ साली रेनॉल्ड्स यांनी याचे गणिती उत्तर दिले. फिरता दांडा बेअरिंगच्या बरोबर मध्यभागी राहत नाही, किंचित एका बाजूला सरकतो. त्यामुळे दोहोंमध्ये पाचरीच्या आकाराची फट तयार होते. दांडा फिरताना आपल्या अंगाला चिकटलेले तेल या निमुळत्या फटीत ओढून नेतो. तेथे तेल दाटते, त्याचा दाब वाढतो, आणि तो दाब सारा भार उचलून धरतो. पावसाळ्यात ओल्या फरशीवरून झपाट्याने चालताना पाण्याचा पातळ थर आपले पाऊल उचलतो व आपण घसरतो, तसेच काहीसे हे आहे. याचा अर्थ असा, की चांगल्या चालत्या यंत्रात लोखंड लोखंडाला जवळजवळ टेकतच नाही. केसाहूनही बारीक असा तेलाचा पापुद्रा दोघांना वेगळे ठेवतो. तो तुटला की झीज सुरू झाली.

हा पापुद्रा टिकणार की तुटणार, हे तीन गोष्टींवर ठरते : दांड्याचा वेग, त्यावरील भार, आणि तेलाचा दाटपणा. शास्त्रात या दाटपणाला श्यानता म्हणतात. ऊन लागले की ती झपाट्याने घटते. थंडीच्या दिवसांत बरणीतली काकवी हलता हलत नाही, आणि तीच चुलीजवळ ठेवली की पाण्यासारखी वाहते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. रेनॉल्ड्स यांनी ऑलिव्हचे तेल निरनिराळ्या तपमानाला मोजून या बदलाचे सूत्रही मांडले. ते ही आकडेमोड करीत होते, त्याच सुमारास, म्हणजे १८८५ साली, आमच्या हुबळीत सदर्न मराठा रेल्वेचा कारखाना उभा राहत होता. तेथे आलेल्या प्रत्येक चाकाच्या आसाचे भवितव्य याच पापुद्र्यावर अवलंबून होते.

आता दुकानापुढील वादाकडे वळू. तेलाच्या डब्यावर २०डब्ल्यू-४० असे आकडे छापलेले असतात. अमेरिकेतील मोटार अभियंत्यांच्या संस्थेने १९११ साली तेलांची अशी प्रतवारी प्रथम सुरू केली, आणि पुढे तिच्यात सुधारणा होत गेल्या. डब्ल्यू हे अक्षर हिवाळ्याचे. त्याआधीचा आकडा तेल थंडीत कसे वागेल ते सांगतो, आणि नंतरचा आकडा इंजिन तापल्यावर त्याचा दाटपणा किती उरेल ते सांगतो. तेल फार पातळ असेल, तर तापलेल्या इंजिनात भाराखाली पापुद्रा तुटतो. फार दाट असेल, तर पहाटेच्या गारव्यात इंजिन सुरू करताना ते अरुंद वाटांतून वेळेवर पोहोचत नाही, आणि तेवढा वेळ धातूवर धातू घासतो. झिजलेल्या इंजिनात फटी रुंदावलेल्या असतात, म्हणून थोड्या दाट तेलाने आवाज आणि तेलाची गळती कमी होते हे खरे. पण दाट तेल झिजलेला धातू भरून काढत नाही. जुनी गाडी विकत घेणाऱ्याने हे विशेष ध्यानात ठेवावे, कारण दाट तेलाखाली दुखणे झाकलेही जाऊ शकते.

कंपनीच्या नावाचे भय मात्र निराधार आहे. त्या पापुद्र्याला डब्यावरचे नाव कळत नाही, दाटपणा कळतो. वाहनाच्या पुस्तिकेत सांगितलेला आकडा आणि दर्जा सारखाच असेल, तर कंपनी बदलल्याने इंजिन बिघडत नाही. इंजिन कोमट असताना जुने तेल पुरते काढावे, फिल्टर नवा घालावा, आणि तेल वेळच्या वेळी बदलावे. नावापेक्षा याचे मोल अधिक.

रेनॉल्ड्स यांना १८७७ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व आणि १८८८ मध्ये तिचे रॉयल पदक मिळाले. सदतीस वर्षे एकाच कॉलेजात शिकवून, प्रकृती ढासळल्यामुळे ते १९०५ साली निवृत्त झाले. त्यांची तल्लख बुद्धीही अखेरच्या वर्षांत मंदावत गेली, आणि २१ फेब्रुवारी १९१२ रोजी सॉमरसेटमधील वॉचेट येथे त्यांनी देह ठेवला. ज्याने अदृश्य पापुद्र्याचे गणित जगाला दिले, त्याच्याच बुद्धीवर काळाचा असा घाला पडावा, याचे वाचताना फार वाईट वाटले.

आमचा टेम्पो आता दुरुस्त झाला आहे. या वेळी बेअरिंगे बदलली, आणि पुस्तिकेतला आकडा पाहून, दुकानात मिळाले त्या दुसऱ्याच कंपनीचे तेल घातले. पहाटे वडील इंजिन सुरू करतात, तेव्हा गाडी हाकण्यापूर्वी ते घटकाभर थांबतात. तेल सगळीकडे पोहोचू दे, एवढाच त्यांचा हेतू असतो. रेनॉल्ड्स यांचे नाव त्यांनी पूर्वी कधी ऐकले नव्हते. आम्ही ते त्यांना सांगितले आहे.